फळ्यावरचा 'पुसू नये' कोपरा

मागच्या अंकात घरून काम करणाऱ्यांच्या बैठकांबद्दल लिहिताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं: 'ऑनलाइन फळा उघडणं सोपं, पुसणं कठीण.' त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच द्यावं लागतंय.

ज्यांनी हा प्रकार पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ब्राउझरमध्ये उघडणारा, कुठल्याही बाजूला न संपणारा हा पांढरा फळा. लिंक हातात असलेला माणूस पुण्यातून, पाटण्यातून, पॅरिसमधून, कुठूनही त्यावर चिठ्ठ्या चिकटवू शकतो, बाण काढू शकतो, चित्रं टाकू शकतो. प्रत्येकाचा कर्सर नावासकट इकडून तिकडे पळताना दिसतो. ऑफिसात सगळे त्याला बोर्ड म्हणतात. मी फळाच म्हणते. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. दर सुट्टीत ते बॅटरीचे जुने सेल फोडून त्यातली काळी भुकटी कसल्याशा पाल्याच्या रसात खलायचे आणि फळ्याला फासायचे. खलायला मी असायचे. पुढे सव्वीस वर्षं सॉफ्टवेअरात गेली, त्यातली शेवटची बारा दुसऱ्यांच्या बैठका चालवण्यात. पण फळा म्हटलं की मला अजून तो वास येतो.

प्रश्न : आमची नऊ जणांची टीम आहे. सहा पुण्यात, दोघं नागपुरात, एक जण न्यू जर्सीत. दर पंधरा दिवसांनी स्प्रिंट (कामाचा ठरलेला टप्पा) संपला की मिरोच्या बोर्डवर रेट्रो घेतो, म्हणजे काय नीट झालं, काय फसलं याची उजळणी. मी बोर्ड शेअर करतो आणि विचारतो, 'कोणाला काय वाटतं?' दर वेळी तीच दोन माणसं बोलतात. मागच्या वेळी जबरदस्तीने सगळ्यांना चिठ्ठ्या लिहायला लावल्या तर 140 चिठ्ठ्या जमल्या, आणि त्यानंतर तो बोर्ड कोणी उघडलाही नाही. मॅनेजर म्हणतात टूल बदला. बदलू का?
(टीम लीड, हिंजवडी)

उत्तर : नका बदलू. बदललंत तर महिनाभर सगळे नव्या टूलची बटणं शोधण्यात रमतील, सुधारणा झाल्यासारखं वाटेल, आणि मग पुन्हा तीच दोन माणसं बोलायला लागतील.

गडबड तुमच्या प्रश्नात आहे. 'कोणाला काय वाटतं?' असं तोंडी विचारलं की उत्तर तोंडीच येणार, आणि ज्याची जीभ आधी सुटते तोच ते देणार. बाकीचे पाळीची वाट बघतात, वाट बघता बघता आपला मुद्दा विसरतात, किंवा 'मलाही हेच म्हणायचं होतं' म्हणून सुटका करून घेतात. डील आणि श्ट्रोबं या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये यावर प्रयोग केले होते. गटात बसून मोठ्याने कल्पना काढणाऱ्या माणसांपेक्षा तेवढीच माणसं एकेकटी बसवली तर त्यांच्या कल्पना जास्त भरतात. मोठं कारण अगदी साधं निघालं: एका वेळी एकालाच बोलता येतं. आता फळ्याकडे बघा. नऊ जणांना एकाच वेळी बोलता येत नाही, पण एकाच वेळी लिहिता येतं. फळ्याची सगळी करामत एवढीच आहे. तुम्ही मात्र ती बाजूला ठेवून त्याचा प्रोजेक्टर केलाय.

पुढच्या वेळी पहिली आठ मिनिटं माइक बंद ठेवा. टायमर लावा आणि सगळ्यांना गुपचूप लिहू द्या. मिरो आणि म्युरल या दोन्ही ऑनलाइन फळ्यांत एकमेकांच्या चिठ्ठ्या झाकून ठेवायची सोय असते, तिला प्रायव्हेट मोड म्हणतात. तुमच्या प्लॅनमध्ये ती नसेल तर प्रत्येकाला फळ्याच्या दूर दूरच्या कोपऱ्यात एक चौकट आखून द्या. शेजारच्याची पाटी दिसली की आपण तीच उतरवतो, ही सवय पहिलीपासूनची आहे.

आणि चिठ्ठीवर क्रियापद हवंच, हा माझा हट्ट आहे. तुम्ही बोर्डचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. त्यात एका गुलाबी चिठ्ठीवर नुसतं 'टेस्टिंग' लिहिलंय, दुसरीवर 'कम्युनिकेशन', तिसरीवर 'टीमवर्क' आणि पुढे हसरा चेहरा. यांचं कोणी काय करायचं? त्याच फोटोत खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात एक चिठ्ठी आहे: 'मंगळवारी रात्री बिल्ड मिळालं, बुधवारी सकाळी डेमो होता.' (बिल्ड म्हणजे चालवून बघता येईल असं तयार सॉफ्टवेअर.) 140 मधली ही एक चिठ्ठी मला कळली, आणि ती लिहिणारा माणूस बैठकीत बोलणाऱ्या त्या दोघांपैकी नसणार यावर मी पैज लावते.

आता त्या 140 चं काय करायचं. तुमच्या बोर्डवर आधीच तीन रकाने होते: काय चांगलं, काय वाईट, काय सुधारायचं. हे तयार साचे मला फारसे आवडत नाहीत. माणसं रकाना भरतात आणि मनातला मुद्दा रकान्यात बसत नसेल तर तो टाकून देतात. चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावायची जी रीत जगभर चालते ती जपानी आहे. जिरो कावाकिता हे मानववंशशास्त्राचे अभ्यासक. नेपाळच्या डोंगरी गावांत हिंडून आणलेल्या ढीगभर टिपणांचं करायचं काय, या अडचणीशी झगडताना त्यांनी ती पक्की केली. जपानीत आडनाव आधी येतं, म्हणून 'कावाकिता जिरो'च्या आद्याक्षरांवरून तिला केजे पद्धत म्हणतात. (याच माणसाला नेपाळमधल्या कामासाठी 1984 मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याकडे तो पुरस्कार सगळ्यांना ठाऊक, पण फळ्यावर रोज त्यांची पद्धत वापरणाऱ्यांना त्यांचं नाव ठाऊक नसतं.) या पद्धतीची मेख अशी की मथळे आधी द्यायचे नाहीत. चिठ्ठ्या वाचायच्या, ज्या एकमेकींच्या जवळच्या वाटतात त्या शेजारी सरकवायच्या, आणि गठ्ठा जमल्यावर त्याला नाव द्यायचं. हेही न बोलता करा. दोघांना एकच चिठ्ठी दोन गठ्ठ्यांत हवी असेल तर तिची नक्कल काढून दोन्हीकडे ठेवा. कागदाच्या चिठ्ठीला हे जमत नाही, इथे फुकट जमतं. कुठल्याच गठ्ठ्यात न बसणारी एकुलती चिठ्ठी जबरदस्तीने कोंबू नका. बऱ्याचदा कामाचं तिच्यातच असतं.

मग प्रत्येकाला तीन मतं द्या आणि बैठक फक्त पहिल्या दोन गठ्ठ्यांवर घ्या. बाकीचे राहू द्या. खरं दुखणं असेल तर पंधरा दिवसांनी पुन्हा वर येईलच.

'नंतर कोणी उघडलाही नाही' याचं मात्र वाईट वाटून घेऊ नका. आमच्या शाळेत फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खडूने चौकट आखलेली असायची. आत पट, हजर, गैरहजर, कधी सुविचार, आणि खाली अधोरेखित 'पुसू नये'. उरलेला फळा दर तासाला पुसला जायचा आणि त्याचं कोणाला काही वाटायचं नाही. ऑनलाइन फळा आपोआप पुसला जात नाही, म्हणून लोकांना वाटतं त्यावरचं सगळंच जपायचंय. मग 140 चिठ्ठ्यांपुढे उभं राहिल्यावर काहीच जपलं जात नाही. मी गेली काही वर्षं प्रत्येक फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट आखते आणि वर 'पुसू नये' असंच लिहिते. बैठक संपताना त्यात जास्तीत जास्त चार ओळी जातात: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. 'टीमने लक्ष द्यावे' अशी ओळ त्यात चालत नाही, माणसाचं नाव लागतं. त्या ओळी त्याच दिवशी तुमच्या जिरामध्ये किंवा जिथे रोजची कामं नोंदवता तिथे गेल्या पाहिजेत. मग फळा बंद करा. दुसऱ्या रेट्रोला नवा कोरा फळा, आणि त्यावर आधी फक्त जुना 'पुसू नये' कोपरा उचलून आणायचा.

न्यू जर्सीच्या सहकाऱ्यासाठी एक गोष्ट. तुमच्या संध्याकाळी साडेसातला त्याच्याकडे उन्हाळ्यात सकाळचे दहा वाजलेले असतात, हिवाळ्यात नऊ. तुम्ही दमलेले आणि तो नुकताच चहा घेऊन बसलेला. लिहायचं काम आदल्या दिवशीच फळा उघडा ठेवून होऊ दे, बैठकीला फक्त गठ्ठे लावणं आणि ठरवणं ठेवा. आणि पुण्यातले सहा जण एका खोलीत एका मोठ्या पडद्यासमोर बसत असाल तर ते थांबवा. खोलीतली कुजबुज बाहेरच्या तिघांना ऐकू येत नाही, पण चालू आहे हे दिसतं. एक जण पडद्यावर असेल तर सगळेच आपापल्या पडद्यावर.

सुरुवात करायच्या आधी फळ्याची एक नक्कल काढून ठेवा. हे मी हात पोळून शिकले. 2021 मध्ये एका मोठ्या कंपनीसाठी बावीस जणांची कार्यशाळा घेत होते. दीड तासाचं काम फळ्यावर होतं. एका बाईंना आपली चिठ्ठी पुसायची होती. त्यांच्या हातून कंट्रोल-ए दाबलं गेलं आणि मग डिलीट. बावीस जणांच्या डोळ्यांसमोर फळा कोरा. मी घाईघाईने कंट्रोल-झेड दाबलं, काही झालं नाही. बहुतेक फळ्यांत आपलं 'अनडू' आपल्यापुरतंच असतं. दुसऱ्याने पुसलेलं ते परत आणत नाही, ज्याने पुसलं त्यानेच ते दाबावं लागतं. हे मी त्यांना सांगेपर्यंत बिचाऱ्यांनी घाबरून टॅबच बंद केला होता, आणि टॅबबरोबर त्यांची अनडूची साखळीही गेली. तेव्हापासून मी मांडणीच्या चौकटी आधी लॉक करते, मध्यंतराला नक्कल काढते, आणि सुरुवातीलाच सांगते: काही उडालं तर हात वर करा, टॅब बंद करू नका.

प्रश्न : मी एका छोट्या स्टुडिओत डिझायनर आहे. एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंटांसाठी ॲप करतोय. फिगमात, म्हणजे ॲपचे पडदे आखायच्या टूलमध्ये, सुंदर प्रोटोटाइप (नमुना) केला, रंग, लोगो, सगळं. संचालक मंडळाला दाखवला. त्यांनी चाळीस मिनिटं बटणाच्या हिरव्या रंगावर चर्चा केली आणि शेवटी विचारलं, 'मग सोमवारपासून चालू करायचं का?' एक ओळ कोड लिहिलेला नाही! प्रोटोटाइप कच्चा दाखवावा की पक्का? आणि तो किती माणसांवर तपासावा?
(कोल्हापूर)

उत्तर : संचालक मंडळाची काही चूक नाही. रंग दिलेली, पडदे लावलेली सदनिका दाखवल्यावर गिऱ्हाईक भिंत कुठे असावी हे सांगत नाही, पडद्याच्या रंगावरच बोलतं. भिंतींबद्दल मत हवं असेल तर भिंती चुन्याच्या फक्कीनेच आखलेल्या हव्यात.

कच्चं कुठपर्यंत चालतं याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे पाम पायलट. खिशात मावणारा तो छोटा संगणक 1996 मध्ये बाजारात आला. त्याआधी तो घडवणारे जेफ हॉकिन्स त्याच मापाचा लाकडाचा ठोकळा खिशात घालून हिंडत होते. बैठकीत कोणी तारीख विचारली की ठोकळा काढायचा आणि त्यावर टिपून घेतल्याचं सोंग करायचं. लाकडावर काही उमटत नव्हतं, पण हा आकार खिशात टोचतो का, आपण दिवसातून किती वेळा हात घालतो, हे कळत होतं. वीज नाही, पडदा नाही, आणि तरी तो प्रोटोटाइपच.

तुमच्यासाठी फळा हा तो ठोकळा. फिगमा आणि फळा यांत मी भेद असा करते: काय करायचं हे ठरेपर्यंत फळा, कसं दिसायचं हे ठरवताना फिगमा. फिगमावाल्यांनीही 2021 मध्ये फिगजॅम नावाचा वेगळा फळा काढला तो उगाच नव्हे. एकाच कागदावर विचार आणि रंगकाम चाललं की विचार आधी संपतो. मला कच्च्या कामासाठी एक्सकॅलिड्रॉ नावाचा ऑनलाइन फळा आवडतो. त्यातली प्रत्येक रेघ जरा वाकडी, हाताने ओढल्यासारखी येते. तिथे सरळ, गुळगुळीत बटण काढायचं म्हटलं तरी मुद्दाम काढावं लागतं. दिसायला कच्चं असलं की बघणारा 'अहो, ही पावती आधी यायला हवी' असं बिनधास्त म्हणतो. चकचकीत असलं की तो तुमच्या कष्टांना भितो.

पिग्मीवरून सांगते, कारण असंच एक काम मी पाहिलंय. फळ्यावर मोबाइलच्या आकाराच्या सात चौकटी होत्या. पहिलीत 'खातेदार शोधा', दुसरीत रक्कम, तिसरीत 'जमा करा', चौथीत पावती, असं करत पुढे. बाण काढलेले, अक्षरं वाकडी. बाजारपेठेत एका एजंटबाईंच्या मागे मी टॅब्लेट घेऊन हिंडत होते. त्या चौकटीवर बोट ठेवायच्या आणि ऑफिसात बसलेला आमचा मुलगा फळा सरकवून पुढची चौकट समोर आणायचा. म्हणजे संगणकाचं काम माणूस करत होता. या रीतीला 'विझर्ड ऑफ ओझ' या गोष्टीतल्या जादूगाराचं नाव आहे: पडद्यामागे बसून माणूसच यंत्र चालवतो. पहिल्या तीन दुकानांत सगळं ठीक चाललं. चौथं भाजीचं. बाईंच्या डाव्या खांद्याला पिशवी, डाव्या हातात नोटा, उजव्या हाताच्या अंगठ्याने सगळं चाललेलं. रक्कम टाकली, आणि 'जमा करा' दाबायच्या आधी त्यांनी टॅब्लेट उलटा करून भाजीवाल्या मावशींपुढे धरला. मावशींनी डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, 'दिसंना बाई, किती ल्हिवलंस?' पैसे देणारं माणूस आकडा बघितल्याशिवाय जमा होऊ देत नाही. छापील कार्डावर एजंट लिहिते तेव्हा समोरचा वाकून बघतो, तेच इथे हवं होतं. आमच्या सात चौकटींत एकही चौकट खातेदाराला दाखवायची नव्हती. सगळ्या एजंटला दिसायच्या होत्या.

रस्त्यातच, रसवंतीच्या बाकावर बसून, आम्ही आठवी चौकट काढली: पूर्ण पडदाभर फक्त रक्कम, दुसरं काही नाही. पाचव्या दुकानात ती वापरली. प्रोटोटाइप फिगमात रंगवून झाला असता तर ही चौकट घालायला दोन दिवस आणि एक बैठक लागली असती, आणि डिझायनर रुसला असता तो वेगळा.

किती माणसांवर तपासायचं, हेही तुम्ही विचारलंय. टूल वापरायला किती सोपं याचा अभ्यास करणारे याकब नील्सन यांनी 2000 मध्ये पाच माणसांचा हिशेब मांडला. वापरातल्या बहुतेक अडचणी पाच जणांत दिसून येतात, पुढे तेच तेच पुन्हा दिसतं. पण ते पाच एकाच तऱ्हेच्या वापरकर्त्यांमधले. एजंट ही एक तऱ्हा, खातेदार दुसरी, संध्याकाळी हिशेब जुळवणारा कॅशियर तिसरी. पाचही एजंटच घेतलेत तर भाजीवाल्या मावशी सुटतील.

आणि संचालक मंडळाला पुढच्या वेळी कच्चं तर दाखवाच, वर त्यांच्या हातात पेन द्या. अध्यक्षांनी एक बाण स्वतः खोडून दुसरीकडे वळवला की हिरव्या रंगाचा विषय निघत नाही.

प्रश्न : आमची संस्था आदिवासी पाड्यांवर आरोग्याचं काम करते. कार्यकर्त्यांच्या बैठका बोर्डवर मराठीतून घ्यायचा प्रयत्न केला. कोणाच्या चिठ्ठीत जोडाक्षरं तुटली, कोणाची वेलांटी कापली गेली, जुन्या अहवालातला मजकूर चिकटवला तर नुसती चिन्हं आली. शेवटी सगळे रोमनमध्ये मराठी लिहायला लागले. काही उपाय?
(नाशिक)

उत्तर : चिन्हं येतात तो मजकूर जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे. त्यात अक्षरं मराठी दिसत असली तरी आत रोमन अक्षरंच साठवलेली असतात. असा मजकूर आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, त्याला दुसरा रस्ता नाही.

वेलांटी कापली जाते कारण फळ्यावरच्या चिठ्ठ्या रोमन अक्षराच्या उंचीवर बेतलेल्या असतात. आपल्याला वर मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार अशी जास्त उंची लागते. चिठ्ठी मोठी घ्या आणि मजकुराचा आकार 'ऑटो'वर न ठेवता स्वतः ठरवा. 'हाताने लिहिल्यासारख्या' फॉन्टांत देवनागरी बहुधा नसते. मग ब्राउझर तुमच्या यंत्रातला जो सापडेल तो फॉन्ट लावतो आणि प्रत्येकाला वेगळं दिसतं. साधा फॉन्ट निवडा. पीडीएफ काढल्यावर जोडाक्षरं तुटत असतील तर पीएनजी चित्र काढून बघा, पडद्यावर नीट दिसत असेल तर त्यात बहुधा तसंच येतं.

एक बारकी गोष्ट सांगते, माझ्या दोन संध्याकाळी तिने खाल्ल्यात. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला तो पापणीसारखा अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो, कोणता कीबोर्ड वापरलाय त्यावर. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. त्यामुळे फळ्यावर 'दुसऱ्या' शोधलं तर निम्म्या चिठ्ठ्या सापडतात आणि निम्म्या सापडत नाहीत. शोधताना तो र टाळा, नुसतं 'दुस' शोधा.

कार्यकर्त्यांना टंकायचा कंटाळा असेल तर फोनवरच्या कीबोर्डचा माइक दाबून बोलू दे. मराठी बोललेलं तो बऱ्यापैकी उतरवतो. रोमनमध्ये लिहिलं तरी मी रागावणार नाही, पण 'पुसू नये' चौकट देवनागरीत ठेवा. ती पुढे अहवालात जाते.

प्रश्न : मी शाळेत गूगलच्या जॅमबोर्डवर तीन वर्षं गणित शिकवलं. आता ते उघडतच नाही. माझे बोर्ड कुठे गेले? आणि आता काय वापरू?
(शिक्षिका, सांगली)

उत्तर : जॅमबोर्ड गूगलने 31 डिसेंबर 2024 ला बंद केलं. त्याआधी 1 ऑक्टोबरपासून त्यात फक्त बघता येत होतं. तुमच्या ड्राइव्हमध्ये त्या बोर्डांच्या नावाने पीडीएफ सापडतात का ते आधी शोधा. शाळेच्या खात्यावरून केलं असेल तर खातं सांभाळणाऱ्यांना विचारा.

पुढे काय, तर शिक्षकांना फिगमा आणि फिगजॅम शिक्षण-योजनेत फुकट मिळतं, फक्त शिक्षक असल्याची पडताळणी करावी लागते. मिरोच्या मोफत प्लॅनमध्ये, हे लिहितेय तेव्हा, बदल करता येतील असे तीनच बोर्ड मिळतात. गणिताला रोज कोरा फळा लागतो, म्हणून तुम्हाला एक्सकॅलिड्रॉ बरं पडेल. नोंदणी नाही, पैसे नाहीत. मात्र त्यात काढलेलं तुमच्या ब्राउझरमध्येच राहतं, ब्राउझर साफ केला की जातं. तेव्हा तास संपला की फाइल उतरवून घ्या. कंपन्या टूल बंद करतात, तुमच्या पेन ड्राइव्हवरची फाइल बंद करत नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे कोणीतरी क्लायंटच्या बोर्डची लिंक सोयीसाठी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. त्या ग्रुपात नोकरी सोडून गेलेले तिघं अजून आहेत. बोर्डवर क्लायंटच्या ग्राहकांचे फोन नंबर दिसणारे स्क्रीनशॉट होते. आता?
(ठाणे. नाव छापू नये)

उत्तर : आता हे वाचत बसू नका, आधी शेअरिंगमध्ये जाऊन 'लिंक असलेला कोणीही' बंद करा, बोर्डवरचे ते स्क्रीनशॉट पुसून टाका, आणि वरिष्ठांना स्वतःहून सांगा. लिंक ग्रुपातून पुसून काही होत नाही, ती ज्यांनी उघडली त्यांच्या ब्राउझरमध्ये असतेच. स्क्रीनशॉट चिकटवताना नावं-नंबर आधी काळे करायची सवय लावा. त्यावर काळी चौकट ठेवू नका. फळ्यावर चौकट उचलून बाजूला ठेवता येते, हे मी एका गंभीर बैठकीत एका उत्साही मुलाकडून शिकले.

प्रश्न : आमचा बारा बायकांचा बचत गट आहे. मसाले, पापड, आता हळद-पावडरचं नवं पाकीट काढायचंय. भाचा पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतो मावशी, सगळं बोर्डवर करा. आमच्यात चौघींकडे मोठा फोन आहे. काय करावं?
(वाई)

उत्तर : ताई, तुम्ही बाराजणी आठवड्यातून एकदा एका ओसरीवर बसताच. मग भाच्याला सांगा, बोर्ड आहे आमच्याकडे. फळा ऑनलाइन गेला तो माणसं एका ठिकाणी बसेनाशी झाली म्हणून. तुमची ती अडचणच नाही.

बाजारातून पिवळ्या चिकट चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे आणा. जिला लिहिता येत नसेल तिने शेजारणीला कानात सांगावं, मोठ्याने नाही. पाकिटावर काय हवं, ते एका चिठ्ठीवर एक, आणि भिंतीला लावायचं. भिंत मातीची किंवा चुना निघणारी असेल तर चिठ्ठ्या गळतील, मग दारावर लावा. पाकिटाचं म्हणाल तर रिकाम्या बिस्किटाच्या पुड्याला पांढरा कागद गुंडाळून तीन तऱ्हेची पाकिटं हाताने रंगवा, आत तांदूळ भरा म्हणजे वजन येईल. रविवारी बाजारात ओळखीच्या दुकानदाराच्या फळीवर इतर पाकिटांच्या रांगेत ती ठेवून, समोर दहा पावलांवर उभ्या राहा. गिऱ्हाइकाचा हात कुठे जातो ते बघा. कोणी काही बोललं तर ते जसंच्या तसं लिहून घ्या.

भाच्याला लावायचंच असेल काही कामाला, तर त्याला त्या दाराचा फोटो पाठवा आणि पाकिटावरच्या कायदेशीर मजकुराची यादी करून मागा: वजन, किंमत, तारीख, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) नंबर, तुमचा पत्ता. ती यादी आली की दाराच्या उजव्या कोपऱ्यात चिकटवा. आणि तिच्याखाली काय लिहायचं ते तुम्हाला आता माहीत आहे.